बिननावाची तारका

पत्रं यायची, पण पाकिटावर माणसाचं नाव नसायचं. ‘बायोग्राफ गर्ल’, न्यूयॉर्क, एवढाच पत्ता. १९०८-०९ सालची गोष्ट. कुणी शाळकरी पोरगी, कुणी गिरणीतला कामगार, कुणी दुकानातली विक्रेती अशी माणसं पाच सेंटांचं तिकीट काढून दहा-बारा मिनिटांचा चित्रपट पाहायची, पडद्यावरच्या त्या मोठ्या डोळ्यांच्या बाईवर जीव टाकायची आणि घरी जाऊन कंपनीला पत्र लिहायची, की ही कोण? कंपनी उत्तर देत नसे. चित्रपटाला नाव असे, कंपनीचं बोधचिन्ह असे, रिळाची लांबी किती फूट तेही छापलेलं असे. नट-नट्यांची नावं मात्र नसत.

ही बाई म्हणजे फ्लॉरेन्स लॉरेन्स. पुढे ‘पहिली चित्रपटतारका’ म्हणून तिचं नाव इतिहासात गेलं. पण ते नावही जन्माचं नव्हतंच. २ जानेवारी १८८६ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन गावी ती जन्मली तेव्हा ती फ्लॉरेन्स ॲनी ब्रिजवुड होती. वडील घोडागाड्या बांधत. आई शार्लट रंगभूमीवर लोट्टा लॉरेन्स या नावानं वावरायची आणि ‘लॉरेन्स ड्रामॅटिक कंपनी’ ही स्वतःची फिरती नाटक मंडळी चालवायची. लेकीनं आडनाव घेतलं ते आईच्या धंद्याचं.

फिरत्या मंडळीतलं बालपण म्हणजे आज या गावी, उद्या त्या गावी. चालता-बोलता यायला लागल्यापासून पोरीला रंगमंचावर उभं केलं होतं. ती गायची, नाचायची आणि सुरेख शीळ घालायची. जाहिरातीत ती ‘बेबी फ्लो’, शीळ घालणारं अद्‌भुत बालक. १८९८ साली वडील वारले, बिऱ्हाड अमेरिकेत बफेलोला आलं, मध्ये काही वर्षं शाळा झाली, आणि मग पुन्हा आईच्या मंडळीबरोबर भ्रमंती. मंडळी मोडल्यावर मायलेकी कामाच्या शोधात न्यूयॉर्कला आल्या. ब्रॉडवेवर हात-पाय मारून पाहिले, पण तिथं कुणी दाद दिली नाही.

त्या काळी चांगल्या नटानं चित्रपटात काम करणं म्हणजे वेळ वाईट आल्याची जाहीर कबुली. ज्यांना नाटकात काम मिळे ते या फंदात पडत नसत. ज्यांना मिळत नसे ते लपूनछपून जात आणि चार दिवसांचा भाडेखर्च सुटला की गप्प बसत. फ्लॉरेन्सला पहिलं काम मिळालं ते अभिनयासाठी नव्हे, घोड्यावर बसता येतं म्हणून. १९०६-०७ च्या हिवाळ्यात एडिसन कंपनी ‘डॅनियल बून’ काढत होती. ब्रॉन्क्सच्या उद्यानात, गोठवणाऱ्या थंडीत, दिवसाला पाच डॉलरवर दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. पुढे ती व्हायटाग्राफमध्ये लागली. तिथं आठवड्याला वीस डॉलर मिळत. त्यात अभिनय तर होताच, वर कंपनीचे कपडेही शिवायचे.

मग १९०८ च्या उन्हाळ्यात डेव्हिड वॉर्क ग्रिफिथची नजर तिच्यावर गेली. ग्रिफिथ स्वतः नाटकात फारसा न चाललेला नट. त्याच वर्षी तो बायोग्राफमध्ये दिग्दर्शक झाला होता. पंचवीस डॉलर आणि शिवणकाम नाही, एवढ्या बोलीवर फ्लॉरेन्स तिकडे गेली. हॅरी सॉल्टर नावाचा नट या ने-आणीत मध्यस्थ होता. त्याच वर्षी तिनं त्याच्याशी लग्न केलं.

बायोग्राफचा स्टुडिओ मॅनहॅटनमध्ये चौदाव्या रस्त्यावर, ११ नंबरच्या तपकिरी दगडी हवेलीत होता. एके काळी श्रीमंतांचे पाय थिरकले त्या नाचाच्या दालनात आता लाकडी पट्ट्यांचे देखावे उभे राहत. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांचा निळा-हिरवा उजेड असा पडे की रंग लावलेली माणसं एकमेकांना प्रेतांसारखी दिसत. कॅमेरा जागचा हलत नसे. चौकट कुठं संपते ते जमिनीवर आखलेलं असे. आखणीबाहेर पाऊल गेलं की नट चित्रातून गेला. आवाज नाही, संवाद नाहीत, तालमीला वेळ बेताचा. एका रिळात हजार फूट फिल्म, आणि आठवड्याला दोन चित्रपट बाहेर पडलेच पाहिजेत.

नाटकातला नट अशा ठिकाणी बावचळायचा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी हातवारे मोठे करायचे, छाती पिटायची, आभाळाकडे बघायचं, ही सवय अंगात भिनलेली. फ्लॉरेन्सचं सगळं बालपण त्याच मेलोड्रामात गेलं होतं, आणि तिच्या सुरुवातीच्या कामांत ती सवय दिसतेही. ती थोर अभिनेत्री होती असा माझा दावा नाही. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती जी त्या आखणीत अडकलेल्या इतरांजवळ कमी होती: ती थांबू शकत असे. दुसरा नट हात फेकत असताना ही मान किंचित वळवते, डोळे नुसते वर करते, आणि बघणाऱ्याचं लक्ष तिच्याकडे जातं. शिवाय काम झपाट्याचं. आज शेक्सपिअरची ‘टेमिंग ऑफ द श्रू’ एका रिळात बसवायची आणि कर्कशा कॅथरिना व्हायचं, उद्या टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’मधली सैबेरियाला धाडलेली कात्यूशा, परवा जॉन कम्पसन या गुबगुबीत नटासमोर मिसेस जोन्स होऊन नवऱ्याला धारेवर धरायचं. या जोन्स जोडप्याच्या छोट्या प्रहसनांनी लोकांना वेड लावलं. तेच चेहरे, तेच नवरा-बायको पुन्हा पुन्हा भेटायला लागल्यावर प्रेक्षक त्यांना घरचं माणूस समजू लागला. घरच्या माणसाचं नाव ठाऊक नाही, हे त्याला चमत्कारिक वाटू लागलं.

नाव न देण्यामागचं कंपन्यांचं गणित सरळ होतं. नाव झालं की भाव वाढतो. आज पंचवीस डॉलरवर राबणारी बाई उद्या आपल्यासाठी लोक रांगा लावतात हे कळल्यावर शंभर मागेल. त्यापेक्षा लोकांनी कंपनीच्या नावावर प्रेम करावं. याला दुसरी बाजूही होती. नाटकात परतायची आशा असलेल्या कित्येक नटांना आपलं नाव या पाच सेंटांच्या खेळाशी जोडलं जायला नकोच होतं. दोघांच्या सोयीचा मामला होता, पण फायदा एकाचाच. बायोग्राफ तर या बाबतीत इतकी हट्टी, की इंग्लंडमध्ये चित्रपट पाठवताना तिथल्या वितरकांनी नटांना सरळ खोटी नावं देऊन टाकली. ब्लँच स्वीट ही गुणी नटी तिकडे ‘डॅफ्नी वेन’ म्हणून ओळखली गेली. स्वतःच्या देशात बायोग्राफनं नटांची नावं जाहीर केली ती १९१३ उजाडल्यावर. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तोवर बाकी सगळ्या धंद्याला कळून चुकलं होतं.

त्या वेळी हा धंदा कसा बांधला होता हे पाहिल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ, व्हायटाग्राफ, पाते वगैरे मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी काढली. लोक तिला नुसतं ‘ट्रस्ट’ म्हणत. कॅमेऱ्याची पेटंटं यांच्याकडे, प्रक्षेपकाची यांच्याकडे, आणि ईस्टमन कोडॅकशी करार असा की कच्ची फिल्म फक्त ट्रस्टवाल्यांना. गल्लीबोळातल्या निकेलोडियनच्या, म्हणजे पाच सेंटांच्या छोट्या चित्रपटगृहाच्या, मालकानं सुद्धा प्रत्येक प्रक्षेपकामागे आठवड्याला दोन डॉलर परवाना फी भरायची. न भरेल त्याच्यावर खटला.

या ट्रस्टला नडला तो कार्ल लेम्ले. जर्मनीतल्या लाउपहाइमहून आलेला, विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉशमध्ये कपड्यांच्या दुकानाचा व्यवस्थापक राहिलेला हा ठेंगणा, हसतमुख माणूस. १९०६ मध्ये त्यानं शिकागोत निकेलोडियन काढलं, मग चित्रपट भाड्यानं पुरवू लागला. १९०९ च्या एप्रिलमध्ये त्यानं ट्रस्टचा परवाना झुगारला आणि स्वतःच चित्रपट काढायला इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स, म्हणजे ‘इम्प’ कंपनी उभी केली. ट्रस्टनं त्याच्यावर खटल्यांचा पाऊस पाडला. कोर्टात वकील लढत होते, पण थिएटरमध्ये ट्रस्टच्या मालाला टक्कर कशानं द्यायची? लेम्लेकडे चांगला स्टुडिओ नव्हता, ग्रिफिथ नव्हता. कपडे विकलेल्या माणसाला एवढं मात्र कळत होतं की गिऱ्हाईक कशाला हात लावतं.

इकडे फ्लॉरेन्स आणि सॉल्टर जास्त पगार कुठं मिळतो याची चाचपणी करत होते. त्यांनी एसॅने कंपनीला पत्र लिहिलं. एसॅने ट्रस्टमधली. तिनं ती बातमी बायोग्राफला कळवली आणि बायोग्राफनं दोघांना काढून टाकलं. ट्रस्टच्या नऊ-दहा कंपन्यांची दारं एका फटक्यात बंद झाली. लेम्लेनं त्यांना फोडलं असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. खरं तर ती दोघं रस्त्यावरच उभी होती. लेम्लेनं दार उघडलं. १९०९ च्या अखेरीस फ्लॉरेन्सचे ‘इम्प’चे चित्रपट येऊ लागले.

आणि मग १२ मार्च १९१० चा ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या व्यापारी साप्ताहिकाचा अंक. त्यात ‘इम्प’ची जाहिरात. मथळा असा, की आम्ही एका खोट्याला खिळा ठोकतो. मजकुराचा आशय: सेंट लुइसच्या जनतेत अशी वावडी उठवली गेली आहे की मिस लॉरेन्स, म्हणजे पूर्वीची ‘बायोग्राफ’ गर्ल आणि आताची ‘इम्प’ गर्ल, ट्रामखाली सापडून मेली. ‘इम्प’च्या शत्रूंचा हा नीच कावा आहे. मिस लॉरेन्स खणखणीत आहेत, ‘इम्प’मध्येच आहेत, आणि त्यांचं उत्तम काम लवकरच येत आहे. खाली लगेच पुढच्या चित्रपटांची नावं, तारखा आणि लांबी. घाई एवढी की ‘ओथ’च्या जागी ‘बाथ’ छापलं गेलं आणि एका गंभीर नाट्याची मोडलेली शपथ मोडलेली आंघोळ झाली.

वावडी मुळात कुणी उठवली? बहुतेक इतिहासकारांचं बोट लेम्लेकडेच जातं. शत्रूंना तिला मारून काय मिळणार होतं? उलट ‘मेली’ म्हटल्याशिवाय ‘जिवंत आहे’ हे ओरडून सांगता येत नाही, आणि ते सांगताना नाव घेतल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जाहिरातीवर तो थांबला नाही. मार्चच्या अखेरीस त्यानं फ्लॉरेन्सला आणि तिचा नायक किंग बॅगट याला सदेह सेंट लुइसला पाठवलं. स्टेशनवर गर्दी लोटली. पडद्यावर मुकी, करडी, हातभर उंचीची दिसणारी बाई हाडामांसाची असते, बोलते, तिच्या अंगावर रंगीत कपडे असतात, हे पाहायला माणसं आली होती. ती बोलली, तिचं नाव वर्तमानपत्रांत छापून आलं. लोकांनी तिच्या कोटाची बटणं आठवण म्हणून तोडून नेली असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्यात थोडा मीठमसाला लेम्लेच्या कचेरीतला असावा. पण गर्दी खरी होती, आणि ती बघून ट्रस्टवाल्यांच्या पोटात गोळा आला असणार हेही खरं.

हे सगळं लेम्लेच्या एका डोक्यातून एका रात्रीत निघालं, असं मानायचं मात्र कारण नाही. ट्रस्टमधल्याच केलेम कंपनीनं दोन महिने आधी, जानेवारी १९१० मध्ये, आपल्या नटसंचाचं छायाचित्र नावांसह छापलं होतं. व्हायटाग्राफची फ्लॉरेन्स टर्नर हीही ‘व्हायटाग्राफ गर्ल’ म्हणून तितकीच लाडकी होती आणि त्याच सुमारास ब्रुकलिनमध्ये प्रेक्षकांसमोर येऊ लागली होती. नाव सांगण्याची वेळ झालीच होती. लेम्लेचं कसब एवढंच, की इतर जण नावं छापत होते, तर त्यानं नावाभोवती गोष्ट रचली. तिचं मरण, तिचा पुनर्जन्म, तिचे शत्रू. पुढची शंभर वर्षं चित्रपटांची प्रसिद्धी याच वाटेनं चालली आहे.

फ्लॉरेन्सच्या वाट्याला त्यातलं किती आलं? वर्षभरात ‘इम्प’साठी तिनं पन्नासेक चित्रपट केले आणि १९१० सरता सरता ती कंपनी सोडून फिलाडेल्फियाच्या ल्युबिनकडे गेली. लेम्ले हळहळत बसला नाही. त्यानं बायोग्राफमधूनच दुसरी ‘बायोग्राफ गर्ल’ आणली आणि ‘लिटल मेरी’ आता ‘इम्प’ची झाली अशी दवंडी पिटली. ती मेरी पिकफर्ड. फ्लॉरेन्स गेल्यावर बायोग्राफनं बिरुद तिला चिकटवलं होतं. लेम्लेनं बिरुदासकट बाई उचलली. १९१६ मध्ये याच मेरी पिकफर्डनं आठवड्याला दहा हजार डॉलरचा करार केला. नाव झालं की भाव वाढतो, ही बायोग्राफची भीती चुकीची नव्हती. फक्त तो भाव मिळाला दुसरीला.

तरी काही वर्षं फ्लॉरेन्सची चलती होती. १९१२ मध्ये लेम्लेच्याच पाठबळावर तिनं आणि सॉल्टरनं ‘व्हिक्टर’ ही स्वतःची कंपनी काढली, न्यू जर्सीत फोर्ट ली इथं स्टुडिओ थाटला. ती आठवड्याला पाचशे डॉलर घेई. वेस्टवुडला तिनं मोठी शेतजमीन घेतली, गुलाब लावले. आणि मोटार घेतली. बाईनं मोटार बाळगणं आणि स्वतः हाकणं तेव्हा दुर्मीळ होतं. नुसती हाकून ती गप्प बसली नाही, यंत्रात हात घालू लागली. वळताना मागच्याला इशारा म्हणून बटण दाबलं की मागे पाटी वर येईल अशी दांडी तिनं केली. ब्रेक दाबला की ‘थांबा’ अशी पाटी मागे उभी राहील अशी दुसरी सोय केली. हे १९१४ च्या सुमाराचं. पण त्यांची पेटंटं तिनं घेतली नाहीत, आणि त्यांच्यातून तिला पैसा काही मिळाला नाही. आई तरी हुशारीनं वागली: शार्लटनं १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या, काच पुसणाऱ्या रुळांचं रीतसर पेटंट घेतलं. पण ते यंत्र बाजारात चाललं नाही, पेटंटची मुदत सरली आणि पुढे मोटार कंपन्यांनी काच पुसायच्या आपापल्या सोयी केल्या. नाटक मंडळी चालवणारी आई आणि शीळ घालणारी लेक, दोघींचं डोकं यंत्रात असं चालावं, याचं मला तिच्या चित्रपटांइतकंच कुतूहल वाटतं. चरित्रकारांनी ते तळटिपेत ढकललं आहे.

पण १९१४ च्याच सुमारास ‘पॉन्स ऑफ डेस्टिनी’ या तिच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात लावलेली आग आवाक्याबाहेर गेली. फ्लॉरेन्स भाजली, वाईट पडली, पाठीला मार बसला. चित्रपट तिनं पुरा केला आणि मग अंथरूण धरलं. ‘व्हिक्टर’ तोवर लेम्लेच्या नव्या युनिव्हर्सल कंपनीत विलीन झाली होती. उपचारांचा खर्च कंपनीनं उचलला नाही, ही तिची तक्रार शेवटपर्यंत होती. १९१६ मध्ये ‘इल्युझिव्ह इझाबेल’मधून ती परतली, पण दुखणं पुन्हा उलटलं. मधल्या दोन वर्षांत चित्रपट पार बदलले होते. एका रिळाचे पाच-सहा रिळांचे झाले, कॅमेरा चेहऱ्याजवळ आला, स्टुडिओ न्यू जर्सी सोडून कॅलिफोर्नियाला गेले. त्या काळात दोन वर्षं गैरहजर राहणं म्हणजे नव्या प्रेक्षकाला ठाऊकच नसणं.

पुढचं लवकर सांगता येतं. १९२० मध्ये सॉल्टर वारला. १९२२ मध्ये ‘द अनफोल्डमेंट’मध्ये प्रमुख भूमिका मिळाली, चित्रपट आला आणि गेला. नंतर किरकोळ कामं, तीही बिननावाची. नट-नट्यांसाठी सौंदर्यप्रसाधनांचं दुकान काढलं, ते मंदीत बुडालं. १९२९ मध्ये आई गेली. १९३६ मध्ये एमजीएमनं जुन्या मूकपटवाल्यांना आठवड्याला पंचाहत्तर डॉलरवर कामावर घेतलं, त्यात ती होती. गर्दीत उभं राहायचं, कधी एखादं वाक्य. त्यात हाडांच्या मगजाचा असाध्य विकार जडला. २८ डिसेंबर १९३८ रोजी तिनं आत्महत्या केली. ५२ वर्षांची होती. अंत्यविधीचा खर्च कलावंतांच्या मदतनिधीनं केला आणि हॉलिवुडच्या दफनभूमीत, नावाची शिळा नसलेल्या जागी तिला पुरलं. शिळा बसली ती १९९१ मध्ये, रॉडी मॅकडॉवल या नटाच्या पैशानं, आणि त्यानंही आपलं नाव लावलं नाही. तिच्यावर दोन बिरुदं कोरली आहेत: बायोग्राफ गर्ल आणि पहिली चित्रपटतारका. पहिलं तिला हाकलून देणाऱ्या कंपनीचं, दुसऱ्यावर फ्लॉरेन्स टर्नरचे चाहते आजही हक्क सांगतील.

तिचं काम पाहायचं असेल तर आज बहुतांशी बायोग्राफचेच चित्रपट पाहावे लागतात. त्या कंपनीनं हक्कांच्या नोंदणीसाठी एकेका चित्रपटाची सगळी चौकट-न्-चौकट कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जमा केली होती. पेटणारी नायट्रेट फिल्म जळून-सडून गेली, कागद टिकला. पुढे दशकांनी त्या पट्ट्यांवरून ते चित्रपट पुन्हा फिल्मवर उतरवण्यात आले. ‘इम्प’ आणि ‘व्हिक्टर’चे, म्हणजे जिथं तिचं नाव छापून येऊ लागलं तिथले, बहुतेक नाहीसे झाले.